अंगठ्याच्या मापाचं शेवाळ

माझी वहिनी शेवाळाचे फोटो काढते. खाडीचा काठ, कालव्याची भिंत, समुद्रातले खडक, जिथे माणूस घसरून पडेल तिथे ती कॅमेरा घेऊन हजर. कॉलेजातून निवृत्त झाल्यावर लोक आराम करतात, हिने ओहोटीचं वेळापत्रक फ्रिजवर चिकटवलं. दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, पिशवी धरून तिच्या मागे.

शेवाळ केवढं आहे ते कळावं म्हणून फोटोत शेजारी मापाचं काहीतरी ठेवावं लागतं. आधी पट्टी असायची. पट्ट्या लाटांबरोबर वाहून जायला लागल्या, तेव्हा वहिनीने दादाचा अंगठा ठेवायला सुरुवात केली. तो वाहूनही जात नाही आणि कुरकुरही करत नाही. तिने एकदाच त्याची रुंदी मोजली आणि पुढचा सगळा हिशेब त्यावर चालवला. लग्नातला फोटो सोडला, तर तिने जपून ठेवलेले दादाचे सगळे फोटो अंगठ्याचेच आहेत.

गेली काही वर्षं शेवाळाची पाती रुंद होत चालली होती. वहिनीचा आनंद गगनात मावेना. पाणी बदलतंय आणि माझ्याशिवाय कुणाचं लक्षच नाही, असं ती जेवताना ऐकवायची. दादा तोवर निम्मं ताट तसंच ठेवून उठलेला असायचा. तो बारीक झाला होता, तर आम्ही म्हणायचो, समुद्राची हवा मानवली. त्याने कमरेच्या पट्ट्याला नवं भोक पाडलं तेव्हा मी त्याला शाबासकीसुद्धा दिली.

वहिनीने लेख लिहून एका शास्त्रीय मासिकाकडे पाठवला. संपादकांनी नम्रपणे कळवलं, एकदा साध्या पट्टीने मोजून पाठवा. वहिनी भडकली, पण ओहोटी बघून आम्ही तिघं गेलो. दादा खडकावर दम खात बसला म्हणून पट्टी मी धरली. पातं पहिल्या वर्षी होतं तेवढंच भरलं. दुसरंही तसंच, तिसरंही. वहिनीने आधी पट्टीला नावं ठेवली, मग ती धरणाऱ्याला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी म्हणालो. दिराला वहिनीची चेष्टा करायचा हक्कच असतो.

ती हसली नाही. दादाकडे बघत राहिली. मग घसरत, सावरत त्याच्यापाशी गेली, त्याचा हात मांडीवर घेतला आणि अंगठ्यावर पट्टी ठेवली. पुन्हा ठेवली.

"किती भरला गं?" दादाने विचारलं. तिने पट्टी पिशवीत टाकली, पण हात सोडला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? दादा म्हणाला, तसं काही नाही. मी त्याला रोज बघणारा सख्खा भाऊ, मलाही सांगता येईना. वहिनीने पिशवीतून फोटो काढले आणि वर्षांच्या क्रमाने टेबलावर मांडले. ओलं, हिरवं, तकतकीत शेवाळ, एकाहून एक देखणं. डॉक्टर त्यांवर वाकले. खरोखर कुतूहल वाटून त्यांनी विचारलं, हे शेवाळ कुठलं?

इतक्या वर्षांत वहिनीला हे कुणी आपणहून विचारलं नव्हतं. घरी तर आम्ही विषय बदलायचो.

"शेवाळ राहू द्या, डॉक्टर," ती कशीबशी म्हणाली. "अंगठा बघा."