पेंडीचा भोंगा

मी भोंगा बोलतोय. दचकू नका, हळू बोलतोय. एरवी मी तोंड उघडलं की चार टेकड्यांपलीकडची कुत्री भुंकायला लागतात, पण आज गप्पा मारायची लहर आली आहे, त्यामुळे तुमच्या कानांना काही धोका नाही.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, तो काही आठवत नाही. कळायला लागलं ते टेक्सासमधल्या एका लहान गावात, आगीच्या बंबाच्या टपावर. बंबावर पगारी माणसं नव्हती. मी ओरडलो की खाटीक सुरी टाकून यायचा, न्हावी गिऱ्हाइकाची अर्धी दाढी तशीच सोडून यायचा. बायका पोरांना आत ओढायच्या, म्हातारे छातीवर हात ठेवायचे. माझा आवाज ऐकून एकाही माणसाचा चेहरा उजळलेला मी पाहिला नाही. आपण मुळातच अपशकुनी आहोत, अशी माझी समजूत झाली होती.

मग गावाने नवा बंब घेतला आणि जुन्याचे सुटे भाग विकायला काढले. मला उचललं आल्विन ड्रेगर नावाच्या एका उंच, वाळक्या माणसाने. घरी आणून त्याने मला पिकअप ट्रकच्या टपावर बसवलं. त्याची बायको लोरीन हात पुसत बाहेर आली.

"हे कशाला? कुठे आग लागायची वाट बघतोयस?"

"जनावरांना जेवायला बोलवायला."

"मला नाही कधी एवढ्या थाटात बोलावलंस ते!"

"तुला कशाला बोलवायचं? स्वयंपाक तूच करतेस."

लोरीनने त्याला ओलं फडकं फेकून मारलं. माणसं चांगली दिसतात, म्हटलं मी.

आल्विनचं रान म्हणजे ओकच्या झाडांनी भरलेल्या टेकड्या, मधून एक ओढा आणि सभोवार माणसाच्या दीडपट उंच जाळीचं कुंपण. आत गुरं नव्हती. आत होती तुमच्याकडची काळवीटं, तुमच्याकडचीच चितळं, आणि आफ्रिकेतल्या वाळवंटातले ओरिक्स. ओरिक्स म्हणजे पांढऱ्या अंगाचं, तांबूस मानेचं हरीण, शिंगं मागे वळलेल्या तलवारींसारखी. त्यांच्या मूळ मुलखात शिकाऱ्यांनी त्यांचा फडशा पाडला होता. इथल्या कुंपणांत मात्र त्यांनी संसार थाटले होते. आल्विनचा जीव या कळपात अडकलेला. त्यातही बिउला त्याची लाडकी. एक शिंग मोडलेली ही म्हातारी कळपाची पुढारीण होती. ती निघाली की बाकीचे निघायचे.

पहिल्या दिवशी मी ओरडलो आणि सगळं रान रिकामं झालं. चितळं पार टेकडीमागे गेली. मी मनात म्हटलं, झालं, इथेही तेच. पण आल्विनला कसलीच घाई नव्हती. सरकीच्या पेंडीचं पोतं ओतून तो ट्रकच्या पायरीवर बसून राहिला. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बरेच दिवस आमचं हे असंच चाललं. मग एका संध्याकाळी ओकच्या सावलीतून बिउला बाहेर आली, मान वाकडी करून माझ्याकडे बघितलं आणि सरळ पेंडीत तोंड घातलं. आठवड्याभरात मी ओरडायचा अवकाश, टेकडीवरून धुरळा उठायला लागला. माझ्या आवाजाकडे कुणीतरी पळत येतंय! मला रडू फुटलं असतं, पण माझं रडणं आणि ओरडणं एकच, त्यामुळे कुणाला कळलं नसतं.

या रानात बंदुकाही येतात, खोटं कशाला सांगू? दूरदूरचे पाहुणे येतात, ठरलेला म्हातारा नर टिपतात, त्यावर रानाचा खर्च निघतो. आल्विन ते झाकून ठेवत नाही. पण त्याचा एक नियम होता. भोंगा वाजला की खायला मिळालंच पाहिजे, दुसरं काही नाही. एका पाहुण्याला उन्हात चालायचा कंटाळा आला. "तो भोंगा वाजवा ना," तो म्हणाला, "आपोआप समोर येतील." आल्विनने पाहुण्याला गाडीत बसवलं, फाटकापर्यंत नेऊन सोडलं आणि टोपीला हात लावून परत आला. पाहुणा बराच वेळ फाटकाशी उभा राहून बडबडत होता.

आता आमच्या शेजाऱ्याबद्दल सांगतो. रस्त्यापलीकडे वेल्डन हॅफलीचं गायींचं कुरण. आमच्या भागात रीत अशी, की समोरून गाडी आली की स्टिअरिंगवरचं एक बोट उचलायचं. ओळख असो नसो, बोट उचलायचं. आल्विनने उंच कुंपण घातलं आणि इथली साधी रानहरणं जी पूर्वीपासून दोन्हीकडे फिरायची, त्यांची वाट अडली. "माझ्या टेबलावरचं मांस तू आत कोंडलंस," असं वेल्डन म्हणाला. त्या दिवसापासून त्याने आल्विनसमोर बोट उचललं नाही. दोघे एकाच चर्चमध्ये जायचे, एकाच दुकानात पेंड घ्यायचे आणि एकमेकांना खांबासारखं ओलांडून जायचे.

पुढे आल्विनचे गुडघे बोलायला लागले आणि मुलगी शेल्बीने रानाचा कारभार हाती घेतला. पोरगी कामाची. तिने जागोजागी वेळ लावून दाणा उधळणारे डबे बसवले. "डॅडी, आता बसा जरा व्हरांड्यात," ती म्हणाली. तिचं काही चुकलं नाही. जनावरं पोट भरून खात होती. मी मात्र कोठाराच्या भिंतीवर खिळ्याला टांगला गेलो. एका कुंभारमाशीने माझ्या तोंडात मातीचं घर बांधलं. वाईट वाटत होतं, पण निदान तिला तरी माझा उपयोग होता.

मग पूर आला. कुंपण जिथे ओढा ओलांडतं, तिथे एक झुलती जाळी टांगलेली असते. पाणी वाढलं की ती वर उचलली जाते आणि पाला-लाकडं खालून निघून जातात. पण रानडुकरं तिच्याखालून घुसून दाणा फस्त करत होती, म्हणून आल्विनने ती खाली तारेने गच्च बांधून टाकली होती. पुराने मग जाळी उचलली नाही, आजूबाजूच्या खांबांसकट कुंपणच नेलं. सकाळी ओरिक्सचा अख्खा कळप रस्त्यापलीकडे, वेल्डनच्या कुरणात.

"डुकरं अडवायला गेलो आणि बिउला घालवून बसलो," आल्विन म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. आमच्याकडे असं परदेशी जनावर दुसऱ्याच्या जमिनीत शिरलं, की तो जमीनवाला त्याला खुशाल गोळी घालू शकतो. तेवढ्यात वेल्डनचा फोन आलाच.

"तुझी तलवारवाली मंडळी माझ्या गायींत उभी आहेत. अंधार पडायच्या आत घेऊन जा. नाहीतर माझ्या बैठकीत भिंत रिकामीच आहे."

शेल्बी चारचाकी फटफटी घेऊन कळपाला वळवायला गेली. कळप आणखी दूर, पार वेल्डनच्या मागच्या टेकडीवर गेला. चिखलाने माखून ती परत आली आणि कोठारात माझ्यासमोर उभी राहिली.

"डॅडी, याला अजून आवाज आहे का?"

तिनेच मला खाली काढलं, तिनेच तारा जोडल्या, तिनेच ट्रकवर चढवलं. आल्विन गाडीत बसला, पण किल्ली फिरवेना.

"पेंड कुठे आहे?"

"सगळी पोती भिजून लगदा झालीत. दुकानाकडचा रस्ता पाण्याखाली आहे. डॅडी, आधी वाजवा, आत आल्यावर खायला देऊ की!"

"नाही."

"आज तरी तो नियम बाजूला ठेवा!"

"आज ती माझ्यावर विश्वास ठेवून आली आणि इथे काहीच नसलं, तर उद्या कुठल्या तोंडाने बोलवू?" आल्विन म्हणाला आणि गाडी सरळ वेल्डनच्या फाटकाकडे घेतली.

वेल्डन ओसरीवर खुर्ची टाकून बसला होता. बंदूक मांडीवर.

"गोळी घालू नकोस म्हणायला आलास?"

"नाही. पेंड मागायला आलोय. एक पोतं."

वेल्डनने टोपी मागे सरकवली. "म्हणजे माझ्या कुरणातून, माझ्या भिंतीवरची शिंगं, माझीच पेंड घालून नेणार?"

"हो. रिकाम्या हाताने भोंगा वाजवत नाही मी."

शेल्बीने डोळे मिटून घेतले. वेल्डनने आधी आल्विनकडे, मग माझ्याकडे बघितलं.

"अच्छा, हा होय तो! हा बंद पडल्यापासून माझ्या गायी संध्याकाळी वेळेवर येत नाहीत, माहितीये? त्यांनी याच्यावरच घड्याळ लावलं होतं." तो कुरकुरत उठला. "सरकीची आहे. चालेल ना, की तुझ्या पाहुण्यांना केक लागतो?"

त्याने स्वतः पोतं खांद्यावर आणून ट्रकमध्ये टाकलं. बंदूक खुर्चीवरच राहिली.

आल्विनने बटण दाबलं. मी जीव एकवटला आणि माझ्या तोंडून आला नुसता खोकला. कुंभारमाशीचं घर उडालं ते थेट वेल्डनच्या टोपीवर. दुसऱ्या वेळी मात्र आवाज फुटला, चिरका, पण माझाच. आणि कळप? कळप आलाच नाही. आल्या वेल्डनच्या गायी, एकूण एक, आणि ट्रकला गराडा घालून उभ्या राहिल्या.

"यांनाच घेऊन जा मग!" वेल्डन ओरडला, पण स्वतःच काठी घेऊन त्यांना मागे रेटायला लागला.

मी पुन्हा ओरडलो. टेकडीवर एक मोडकं शिंग वर आलं. बिउलाने मान वाकडी केली, अगदी पहिल्या दिवसासारखी. आणि निघाली. तिच्यामागे सगळे. आल्विन गाडी आणि माझं बटण शेल्बीच्या हाती देऊन मागे चढला आणि मूठ मूठ पेंड टाकत राहिला. रस्ता ओलांडून आमची वरात फाटकातून आत, थेट जनावरांच्या पक्क्या कोंडवाड्यात गेली. शेवटची मूठ त्याने तळहातावर धरली. ती बिउलाने खाल्ली. आल्विनने टोपीने डोळे पुसले आणि "धूळ गेली" म्हणाला. पुराच्या दुसऱ्या दिवशी धूळ कुठली?

कुंपण उभं राहिल्यावर शेल्बीनेच मला कायमचं ट्रकवर बसवलं. डबे चितळांना राहिले, ओरिक्सना मी. पहिल्या संध्याकाळी मी ओरडलो, कळप आला, आणि त्याच्यामागोमाग रस्त्यावरून एक गाडी येऊन फाटकाशी थांबली. गाडीत वेल्डन.

"काय झालं?" आल्विनने विचारलं.

"भोंगा वाजला."

"मग?"

"मग काय? तुझाच नियम ना?"

घरातून लोरीनचा आवाज आला, "त्याला बाहेर काय उभं केलंयस? कॉबलर गरम आहे!" कॉबलर म्हणजे पीच घालून भाजलेला गोड पदार्थ, त्याचा वास माझ्यापर्यंत येत होता. वेल्डनने दोनदा घेतलं. जाताना त्याने स्टिअरिंगवरचं एक बोट उचललं आणि आल्विनने अख्खा हात हलवला.

आता मी म्हातारा झालोय. आवाज फाटलाय, पत्र्याला गंज चढलाय. पण येणारे येतात. तुम्हालाही कधीतरी कुणाला हाक मारावीशी वाटेल, तेव्हा जरूर मारा, घसा फाटेपर्यंत मारा. फक्त येणाऱ्यासाठी हातात काहीतरी असू द्या. मूठभर का होईना.

चला, आल्विनने मागे पोतं टाकलेलं दिसतंय, आणि लोरीनने खिडकीत दोन ताटल्या जास्तीच्या मांडल्यात, एक वेल्डनची, एक तुमची. आता मात्र तुम्ही कानांवर हात ठेवा.