पायाळूचा पाय

दत्तोबांची तिसरी मुलगी पायाकडून जन्मली. नाव नकोशी ठेवून झाल्यावर कुणाच्या तरी लक्षात आलं की पोर पायाळू आहे, आणि पायाळूचा पाय पाठीला लागला की भरलेली उसण जाते. तेव्हापासून शेळगावात नकोशी नको असली, तरी तिचा पाय सगळ्यांना हवा असे. भिगवणचे मासेवालेसुद्धा पाठ धरून यायचे.

अठ्ठ्याण्णवच्या उन्हाळ्यात शेळ्यांना पाला तोडताना दत्तोबा बाभळीवरून पडले. बारामतीच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला. मणका फुटला होता. पाय मात्र हलत होते.

"नशीब समजा," डॉक्टर नकोशीला म्हणाले, कारण घरात दहावीपर्यंत गेलेली तीच. "दोन वाटा आहेत. मी इथं पाठ वीतभर उघडून, डोळ्यांनी बघून स्क्रू आणि सळया बसवीन. रक्त जाईल, महिनाभर दुखेल. पुण्यात एक जण नव्यानं बारीक भोकं पाडून, पडद्यावर बघत तेच करतात. त्रास कमी, पण हात अजून बसायचाय. काहीही करा, पाय वाचतील. उद्यापर्यंत ठरवा. तोवर त्यांना हलवू नका."

ठरवायला भावकी आणि सोयरे दवाखान्याच्या आवारातल्या लिंबाखाली बसले.

"उघडंच करायचं," चुलते हिंदुराव म्हणाले. "इंजिन कुणी भोकातनं दुरुस्त करतं व्हय?"

"इंजिनाला रगात असतं व्हय?" मामा आप्पा म्हणाले. "भोकंच बरी."

सोसायटीच्या निवडणुकीपासून दोघांची बोलचाल बंद होती. दत्तोबांच्या मणक्यानं ती सुरू झाली आणि थांबेना. डॉक्टरांची मुदत उलटून गेली. तिसऱ्या दिवशी त्यांचं एकमत झालं, तेच वाईट झालं.

"घरात पायाळू असताना लोकांच्या सुऱ्या कशाला?" दत्तोबांच्या खाटेपाशी येऊन हिंदुराव म्हणाले.

"तात्या, डॉक्टरांनी हलवू नका म्हणलंय," नकोशी हिंदुरावांना म्हणाली.

"हलवतंय कोण? नुसता पाय लावायचाय."

तिनं बापाकडं बघितलं. "आबा?"

"लाव बाई. अख्ख्या गावाची पाठ सरळ केलीस, बापाचंच वावडं?"

नर्स जेवायला गेल्यावर चौघांनी दत्तोबांना कुशीवर वळवलं. नकोशीनं पाय धुतला. पहिल्यांदा नुसता टेकवला. दुसऱ्यांदाही.

"जोर लाव की! उसण न्हाय, मणका हाय!" हिंदुराव म्हणाले.

तिसऱ्यांदा तिच्या टाचेखाली काहीतरी सरकलं.

"थांबलं," आबा म्हणाले. "दुखायचं थांबलं." आप्पांनी हात जोडले. सगळ्यांनी मिळून त्यांना उताणं केलं. "आता पाय तेवढं सरळ करा माझं."

पाय सरळच होते.

मणका आत सरकला होता; त्यानंतर वाट एकच उरली. डॉक्टरांनी पाठ उघडली. स्क्रू उत्तम बसले. पाय परत आले नाहीत.

"मी पयल्यापासनं म्हणत हुतो, उघडंच करायचं," हिंदुराव भेटेल त्याला सांगत राहिले.

दिवाळीनंतर भिगवणहून एकजण कमरेत वाकून आला. नकोशीनं दोन्ही पाय साडीखाली ओढून घेतले.

"मी बंद केलंय ते."

"लाव गं," खाटेवरून आबा म्हणाले. "लांबनं आलाय बिचारा. माझं दुखणंबी तुझ्याच पायानं थांबलं न्हवं?"

ते मनापासून म्हणत होते. नकोशीला तेवढंच सोसेना.

माणूस तोवर अंगणात पालथा पडून वाट बघत होता.