जपानी लोटांगण

व्हय, फसवलं मी मालकाला. कन्हेरीपासनं इंदापुरापातुर कुणालाबी सांगा, बिरू कोकऱ्याच्या म्हाळसानं संभाजीरावाला जपानी शिकवते म्हणून भुईवर कपाळ घासाया लावलं. जपान्यांचं काम त्याच्या हातनं गेलं ते माझ्यापायी, असंबी लोकं म्हणत्यात. गेलं तर गेलं. मला त्याची लाज न्हाय. लाज कुणाला वाटाया पायजे हुती, ते आधी ऐका.

मल्हार माझा थोरला भाऊ. इंदापूर रोडला संभाजीरावाचं प्रेसशॉप हुतं, तितं पत्र्याचं पार्ट दाबायच्या मशिनीवर दादा कामाला हुता. त्या मशिनीच्या म्होरनं एक जाळी असती. जाळी लावलेली असली की हात आत जातच न्हाय. पण जाळीनं काम हळू हुतंय म्हणून मालकानं समद्या मशिनींच्या जाळ्या काढाया लावल्या. एक दिस मशिनीचा वरचा दाब हातावर पडला आन् दादाच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. बिरोबाच्या जत्रंत त्याच हातानं गजी ढोल घुमवायचा गडी त्यो.

बरं, बोटं गेली. आता मालकानं काय करावं? निदान दोन शबुद तरी गोड बोलावं का न्हाय? त्यो बाबा दवाखान्याच्या दारात उभा ऱ्हायला आन् चार लोकांदेखत म्हणला, "पोरगं दारू पिऊन आलं हुतं. त्याला मी काय करू?" चोराच्या उलट्या बोंबा! माझ्या भावानं जल्मात दारूला हात लावला न्हाय. पण मालकाचं तोंड मोठं, त्याचं खरं झालं. आठ दिसांत दादाची ठरलेली सोयरीक मोडली. पोरीचा बाप आमच्या वट्यावर बसून म्हणला, "बोटांचं काय न्हाय ओ, माणूस एका हातानंबी संसार करतो. पण दारुड्याला पोरगी कशी देऊ?" आबानं त्याला चहा पाजला आन् वाटं लावलं. दादा त्यापुढं चावडीवरनं जायचाच बंद झाला. मला एवढंच म्हणला, "म्हाळसे, हाताचं मी सोसलं असतं गं. त्यानं एकदा चार लोकांत खरं बोलावं, बास."

तवापासनं माझ्या पोटात आग हुती. पण करणार काय? मालकाकडं वकील, मालकाकडं पुढारी. आमच्याकडं थोडी जमीन, दोन म्हशी आन् आबाची घोंगडी.

त्या साली, म्हंजी शहाण्णवला, बारामतीच्या कॉलेजात विद्यापीठाचा जपानीचा वर्ग निघाला. शनिवार-रविवार, वर्षभराचा. एमआयडीसीत जपानी कंपन्या येणार अशी हवा हुती. मी बीएच्या दुसऱ्या वर्षाला. नोकरी लागंल म्हणून नाव घातलं. वर्गात समदे इंजिनेर, वालचंदनगरच्या क्वार्टरमधली इस्त्रीच्या कापडातली दोन पोरं आन् मी एकली खेड्यातली. पहिल्या दिशी त्यातला एकजण म्हणला, "तुमच्या गावात मेंढ्यांना जपानी कळतं का?" मी म्हणलं, "मेंढ्यांचं म्हाईत न्हाय, तुला कळतंय का ते बघू." परीक्षेला त्यो नापास झाला आन् मी पहिली आले. बरं वाटलं, कशाला खोटं बोलू?

आमच्या बाई पुण्याहून येष्टीनं यायच्या. बारक्या, सुती साडी, पण आवाज असा की मागच्या बाकावरच्याची झोपायची बिशाद न्हाय. आ, इ, उ, ए, ओ. स्वर आपल्यासारखंच, पण अक्षरं म्हंजी नुस्ता गुंता. मी भाकरी थापताना परातीतल्या पिठात बोटानं गिरवायची आन् आई वराडायची, "अन्नात रेघोट्या मारू नगं, भवाने!" बाईंनी चॉपस्टिका आणून आमाला शेंगदाणं उचलाया लावलं. कार्ड दोन्ही हातानं घ्यायचं, घरात जोडं घालून जायचं न्हाय, मोठ्या माणसाम्होरं आधी मान लववायची, असं एकेक सांगत गेल्या. मला त्यात काय नवल वाटंना. आमच्यात बी थोरल्यांम्होरं मान वर करत न्हाईत.

मग एक दिस बाईंनी टेबल बाजूला सारलं आन् वाकायच्या तऱ्हा दावल्या. भेटल्यावर थोडं वाकायचं. मोठ्या माणसाम्होरं जरा जास्ती. मग त्या सरळ फरशीवर गुडघे टेकून बसल्या, दोन्ही तळहात भुईला लावले आन् कपाळ टेकवलं. समदा वर्ग हसला. बाई उठल्या, पदर झटकला आन् म्हणल्या, "हसू नका. हे रोज कुणी करत नाही. ज्यानं दुसऱ्याचं वाटोळं केलंय आणि ज्याला तोंड दाखवायला जागा उरली नाही, तो असं वाकून माफी मागतो. तिकडं कामगाराला इजा झाली तर मालकानं स्वतः त्याच्या घरी जाऊन मान खाली घातल्याचं मी पाहिलंय."

मालक! कामगाराच्या घरी! माझ्या डोळ्याम्होरं संभाजीराव आला, त्याची ती दवाखान्याच्या दारातली ताठ मान आली. माझं त्या दिशी पुढच्या धड्यात ध्यानच ऱ्हायलं न्हाय.

देवाच्या मनात काय असतंय बघा. माझा कोर्स संपला आन् दुसऱ्याच म्हयन्यात संभाजीराव टाटा सुमो घिऊन कॉलेजात हजर. त्याच्या प्रेसशॉपला जपानी कंपनीचं काम मिळायचं चाललं हुतं, बघाया दोघं येणार हुते आन् दुभाष्या पायजे हुता. बाईंना जमत नव्हतं. त्यांनी माझं नाव सांगितलं.

मालकानं मला वरनं खालपातुर बघितलं. "कुणाची गं तू?"

"बिरू कोकऱ्याची. कन्हेरीची."

"आस्सं! मेंढरंवाल्याची पोरगी जपानी बोलती? कमाल हाय की!"

आन् हसला. त्याला आठवलंच न्हाय! कोकरे म्हणलं, कन्हेरी म्हणलं, तरी त्याच्या डोळ्यात कायबी हाललं न्हाय. माझ्या भावाची बोटं खाल्ली, नाव खाल्लं आन् ढेकर दिऊन इसरला. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. पण मी गोड हसले आन् म्हणलं, "मालक, पाव्हणं येण्याआधी तुमालाबी थोडं शिकावं लागंल. रीतभात बघूनच त्ये काम देत्यात."

त्याच्या हापिसात शिकवणी लागली. कार्ड कसं घ्यायचं, उभं कसं ऱ्हायचं, ते समदं मी खरं शिकवलं. इस्वास बसाया नगं का? मग म्हणलं, "आता सगळ्यात मोठं स्वागत. हे फकस्त मोठ्या मालकांनीच करायचं असतंय." आन् फरशीवर बसून दावलं.

मालक खुर्चीतनं उठंना. "हे कसलं लोटांगण? मी आमदाराच्याबी पाया पडत न्हाय."

"मग नगा पडू," मी म्हणलं. "पुण्याकडचा कुणी कारखानदार पडंल. काम त्याला जाईल."

अडला हरी गाढवाचे पाय धरी. मालक हळूच खाली उतरला. पोट आडवं येत हुतं, धाप लागत हुती. मी खुर्चीत बसले आन् म्हणलं, "आजून खाली, मालक. कपाळ टेकलं पायजे." रोज टेकवून घेतलं. त्याच्या टकलाकडं बघत रोज चहा प्याले. असा चहा मी जल्मात प्याले न्हाय! वर एक वाक्यबी घोकून घेतलं, "मोशिवाके गोझाइमासेन." तुमच्या पायधुळीनं धन्य झालो, असा अर्थ सांगितला. खरं तर त्याचा अर्थ, माझ्या हातनं घडलं त्याला माफी न्हाय. मालक सुमोत बसूनबी तेच पुटपुटायचा.

मग मी खडा टाकला. "पाव्हण्यांच्या खांद्यावर घोंगडी टाकून सत्कार करू. माझे आबा आन् भाऊ घिऊन येतील." मालक खूश. "झ्याक! पटका बांधून या म्हणावं. फोटो चांगला येतोय."

दादा यायला तयारच हुईना. "त्याच्या दारात मी थुंकायलाबी जाणार न्हाय."

"माझ्यासाठी चल," मी म्हणलं. "काय इचारू नगंस." त्यानं पटका बांधला आन् आला.

त्या दिशी प्रेसशॉपच्या दारात रांगोळी, हार, समदे कामगार रांगंत. दोघं पाव्हणं उतरले. थोरला, ओकुमुरा-सान, सान म्हंजी आपलं 'राव', पिकल्या केसांचा, निम्मं आयुष्य मशिनीत घालवलेला. धाकटा त्याची बॅग धरून. आबा घोंगडी घिऊन पाव्हण्याच्या शेजारी उभा ऱ्हायला, दादा त्याच्या मागं, उजवा हात पटक्याच्या सोग्यात लपवून. मालक म्होरं आला, गुडघे टेकले, तळहात टेकले, कपाळ टेकलं आन् मोठ्यानं बोलला, "मोशिवाके गोझाइमासेन!"

मी ह्या घडीची वाट बघत हुते. माझ्या भावाम्होरं संभाजीराव भुईवर पडला हुता. पण खरं सांगू? पोटातली आग जराबी इझली न्हाय. आबाला वाटलं, मालक पाव्हण्याला देव मानतोय. दादाला काय कळलंच न्हाय. आन् मालक गुडघे झटकत उठला आन् मला डोळा मारून म्हणला, "कसं झालं?" ज्याला आपण माफी मागितल्याचंच म्हाईत न्हाय, त्याची माफी कसली? ती काय चुलीत घालायची?

ओकुमुरा-सानांचं तोंड मात्र पार उतरलं हुतं. त्यांनी घाबऱ्या घाबऱ्या मला इचारलं, "दोउश्ते?" का? काय झालं?

मालक म्हणला, "काय म्हणत्यात?"

आवडलं म्हणत्यात, असं सांगून मोकळी झाले असते तर नोकरीबी लागली असती. पण माझी जीभ वळंना. मी रांगंतल्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल असं बोलले, "ते इचारत्यात, माफी कशाची मागितली?"

"माफी? कुणी?"

"तुमी. आत्ता मागितली ती जपानी लोकांची माफी हुती. माणसाचं वाटोळं केल्यावर मागत्यात ती."

आन् मी दादाचा हात सोग्यातनं काढून पाव्हण्यांम्होरं धरला.

ओकुमुरा-सानांनी त्यो हात दोन्ही हातात घेतला. काय सांगाया लागलं न्हाय. एका रेघंत तुटलेली बोटं बघून त्यांनी सरळ प्रेसच्या मशिनीकडं बघितलं. मालकाचं तोंड आता तांबडंलाल झालतं. मला ओळखलं त्यानं, आत्ता कुठं. "सांग त्यांना," त्यो गुरकावला, "पोरगं दारू पिऊन आलं हुतं!"

सांगितलं की! साके प्याला हुता असं हे म्हणत्यात, जसंच्या तसं सांगितलं. तेवढं जपानी मला येत हुतं. ओकुमुरा-सान सरळ मशिनीजवळ गेले. जाळी बसवायच्या जागंला नुस्ती भोकं हुती. दुसऱ्या मशिनीला तेच, तिसऱ्या मशिनीला तेच. हातच्या काकणाला आरसा कशाला?

तवर रांगंतली छबूबाई, जी दहा वर्सं तितं पार्ट पुसायची, ती फुटली. "खोटं हाय ते! मल्हार प्यालेला नव्हता. मी शेजारी हुते. जाळ्या मालकानंच काढाया लावल्या." मग दुसरा बोलला, मग तिसरा. मी समदं जपानीत सांगत गेले. इतके दिस मुकी बसलेली माणसं, त्यांना कंठ फुटला.

ओकुमुरा-सान माघारी आले. मालकाम्होरं उभे हुते, ते दोन पावलं बाजूला सरकले. आता मालकाच्या म्होरं फकस्त दादा ऱ्हायला. ते हळू बोलले आन् मी मराठीत सांगितलं, "मला नव्हं, ह्यांना म्हणा, म्हणत्यात."

मालकानं इकडंतिकडं बघितलं. पाव्हण्याच्या बॅगेत त्याचं काम हुतं आन् दारात त्याचीच माणसं.

"लोटांगण येतंयच तुमाला, मालक," मी म्हणलं. "आता मराठीत."

संभाजीराव खाली बसला. कुणी कपाळ टेकवाया सांगितलं न्हाय, पण मान आपोआप खाली गेली. भुईकडं बघत पुटपुटला, "मल्हार दारू प्यायला नव्हता. जाळी मी काढाया लावली हुती. चुकलं माझं."

आबा आमचा देवमाणूस. लगेच वाकला त्याला उठवाया. "उठा मालक, ऱ्हाऊ द्या आता."

दादानं डाव्या हातानं आबाचं मनगट धरलं. दीड वर्सात त्याचा एवढा खणखणीत आवाज मी ऐकला नव्हता.

"थांबा आबा," त्यो म्हणला. "मालक, मागच्यांना ऐकू गेलं न्हाय. जरा मोठ्यानं."

आन् मालक मोठ्यानं बोलला.