फोटोत नसलेली शिट्टी

असं समजा, की तुमच्या हातात फोन आहे आणि तुम्ही तो उलटा करून पाहताय. मग आडवा करून. मग डोळ्यांच्या अगदी जवळ नेऊन. फोटोखाली लिहिलंय, 'बांबूची शिट्टी, हातानं केलेली', आणि फोटोत शिट्टी कुठेच नाही. हिरवी भिंत आहे. भिंतीत एक खिळा आहे. खिळ्याला काहीच टांगलेलं नाही. आणि ती शिट्टी तुम्हाला हवीच आहे. झालं, आता तुम्ही वर्षाच्या शेजारी येऊन बसलात. महागावजवळच्या एका तांड्यावर, अंगणातल्या बाजेवर बसून, ती नेमकं हेच करते आहे.

दुसऱ्या फोटोत छताची लाकडं होती. तिसऱ्यात पुन्हा भिंत, आणि अगदी कडेला एक पिवळं टोक. कुणीतरी चौकटीतून हळूच बाहेर निघून जात असावं, तसं.

छंदातून वस्तू बनवून विकणाऱ्या लोकांचा तो फोनवरचा गट होता. कुणी मातीचे बैल विकत होतं, कुणी कवड्यांच्या माळा. या शिट्टीवाल्याच्या फोटोखाली लोकांनी मजा चालवली होती.

'भिंतीचा भाव काय, भाऊ?'

'खिळा वेगळा भेटते का?'

वर्षानंही खाली एक हसरं तोंड टाकलं होतं. मग तिनं फोटोसोबतचा आवाज लावला. आधी नुसती खरखर आली. मग एक बारीक, उंच स्वर निघाला, आणि अंगणात पाला खाणारी शेळी खायची थांबून मान वर करून उभी राहिली. तो आवाज पाखराचा नव्हता. माणसाचाही नव्हता. दोघांच्या मधे कुठेतरी होता.

खाली लिहिलं होतं, 'एक शिट्टी दुसरीसारखी वाजत नाही.'

वर्षाला हेच हवं होतं. कापसात बोंडअळी शिरल्यापासून तांड्यातली निम्मी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जात. तिची याडी, म्हणजे आई, आणि बापू जात, आणि लहान म्हणून धाकटा बादलही जाई. वर्षा शाळेसाठी आजोबांजवळ राही. गेल्या वर्षी बादल उसात हरवला होता. तो रडत होता, पण फडात सगळ्यांचीच लेकरं रडत असतात. याडीला वाटलं दुसऱ्या कुणाचं आहे. तो सापडला तेव्हा त्याचा आवाज बसलेला होता, आणि उसाच्या पानांनी गाल कापलेले होते. यंदा त्याच्या गळ्यात एखादी शिट्टी असावी, जिचा आवाज साऱ्या फडात दुसऱ्या कुणाचा नसेल, असं वर्षानं ठरवलं होतं. टोळीचा ट्रक यायला आता फार दिवस नव्हते.

तिनं शिट्टीवाल्याला लिहिलं. उत्तर बोलून आलं. पुरुषाचा, सावकाश आवाज.

"लिहू नोको, बेटा. बोलून सांग."

वर्षा बोलली. बादलचं सगळं सांगितलं. मग तोच आवाज आला.

"पोरगं रडते कसं, ते मले आईकव."

वर्षानं फोन बाजेवर टाकला. अनोळखी माणसाला आपला फोटो देऊ नये, आवाज देऊ नये, असं बाईंनी वर्गात सांगितलेलं होतं. शिट्टी दाखवत नाही, आणि लेकराचं रडणं मागतो. असला कसला दुकानदार?

तिनं आपल्या परीनं पारख केली. आधी तोंड दाखवा म्हणाली. तिनं व्हिडिओ कॉल लावला, आणि त्यानं तो लगेच उचलला. पडद्यावर काळोख होता, वर कुठेतरी उजेडाची एक फट.

"दिसलो का?" त्यानं विचारलं.

"नाई."

"थांब." पडदा हलला, आणि त्यावर एक कान आला. नुसता कान. तो तिथेच राहिला, तिचं ऐकत.

वर्षानं फोन बंद केला. पत्ता विचारला, तर तो त्यानं ताबडतोब दिला. पुसदचा होता. खोटा माणूस इतक्या सहज पत्ता देईल का? की खोटा पत्ताच इतक्या सहज देता येतो?

मग एका दुपारी बादल बैलगाडीच्या धुऱ्यावरून पडला आणि भोकाड पसरून रडू लागला. फोन वर्षाच्या हातातच होता. आवाज टिपला कधी आणि पाठवला कधी, हे तिचं तिलाच नीट कळलं नाही.

त्यानंतर तिकडून काहीच आलं नाही. ती रोज बघे. त्यानं तिचं पाठवलेलं ऐकलेलं होतं, हे फोन दाखवत होता. एवढंच. बादल अंगणात खेळता खेळता गप्प झाला, की वर्षा हातातलं टाकून बाहेर येऊन बघे. आपण त्याचं काहीतरी काढून दिलं, आणि ते आता कुठल्या अंधाऱ्या खोलीत आहे कोण जाणे, असं तिला वाटे.

शेवटी तिनं नेमसिंगला सांगितलं. नेमसिंग म्हणजे तिचे आजोबा. तांड्यावर आजोबांना दादा म्हणतात. दादा रागावले नाहीत. त्यांनी फोटो पाहिले, आवाज ऐकला, आणि बराच वेळ मिशीवरून बोट फिरवलं.

"बैल घ्याले जातो तं आपण पयले काय पाहतो?"

"दात."

"दात मंग. पयले गोठा पाहतो. चाल, याचा गोठा पाहून येऊ."

बाजाराच्या दिवशी दोघं पुसदला उतरली. पत्ता खरा होता. गल्लीत दुपारचं ऊन होतं, घरांची दारं उघडी होती, उंबऱ्यांवर बाया मिरच्या निवडत होत्या. एकाच घराचं दार आणि खिडक्या गच्च बंद होत्या.

आत तितर बोलला. मग कोकिळा. मग एक पाखरू, ज्याचं नाव दादांनाही सांगता आलं नसतं. एवढी पाखरं, आणि पंखांची फडफड नाही. पिंजऱ्याचा वाससुद्धा नाही.

दादांनी कडीला हात घातला, आणि आत बादल रडला.

वर्षानं त्यांचं धोतर पकडलं. बादल तांड्यावर होता. सकाळी याडीच्या कडेवरून त्यानं हात हलवला होता. आत पुन्हा तोच आवाज आला. शेवटी श्वास अडकून हुंदका तुटतो, तो बादलचाच.

"दादा, आपला बादल हाय."

दादांचा हात कडीवर तसाच राहिला. मग त्यांनी दार जोरात वाजवलं.

एका बाईनं दार उघडलं. ओढणीवर बांबूचा भुसा पडलेला. ती फरीदा, शिट्टीवाल्याची बायको.

"या ना, आत या. दार तेवढं लावून घ्या, बाबा. बाहेरचा कल्ला आत आला का याहीले सूर सापडत नाई."

खोलीत अंधार होता. एक माणूस जमिनीवर मांडी घालून बसला होता, भोवती बांबूच्या चोया. जलाल त्याचं नाव. त्यानं मान वर केली.

"वर्षा बेटा ना? अन् सोबत जुना जोडा घातलेलं कोणी हाय. आजा?"

"आजाच," दादा म्हणाले. "आमचं पोरगं कुठी हाय?"

जलाल हसला. त्यानं हातातली शिट्टी ओठांना लावली, आणि बादल त्यांच्यासमोर, त्या खोलीत, एकदा रडला.

"फडात सगळेच लेकरं रडतात. कोनाचं कोणतं, काय समजते? पण हे त्याच्या मायले समजन. थोडं उंच केलं मी, बस. उसाच्या वरून जायले पायजे ना."

"मंग इतके दिवस बोल्ले काहून नाई?" वर्षाचा आवाज चिरकला.

"पयली बिघडली, बेटा. रडाच्या जागी हासत होती."

दादा दारातून आत सरकले आणि भिंतीजवळच्या पाटावर टेकले. जलालनं शिट्टी पुढे धरली. दाराकडे.

"घ्या, बाबा. पाहून घ्या."

दारात आता कुणी नव्हतं. वर्षा त्या रिकाम्या जागेकडे पाहत राहिली, मग लांबवलेल्या हाताकडे, मग त्याच्या डोळ्यांकडे. दादांनी उठून ती शिट्टी घेतली.

"कपाशीवर फवारा माराले गेलते, औषध डोळ्यात गेलं," फरीदा हळूच म्हणाली. "त्या साली लय जणाचं झालं. तुमच्याकडंही झालं असन."

"झालं," दादा म्हणाले. त्यांनी डोक्यावरचं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. शिट्टी त्यांनी वर्षाला दिली. ती कोमट होती. नुकतंच कुणी रडून थांबल्यासारखी.

"थांबा थांबा, नेऊ नोका अजून," जलाल चाचपडत फोन शोधू लागला. "एक फोटो काढू द्या. गटावर टाकाले. फोटो मीच काढतो बरं, कोनाले हात नाई लावू देत. फरीदा म्हणते, चांगले येतात."

फरीदा खाली वाकून चोया गोळा करू लागली. गोळा झालेल्याच पुन्हा गोळा करू लागली.

"खाली लोक हासरे तोंडं टाकतात म्हणे," तो म्हणाला. "खुश होतात."

वर्षानं शिट्टी त्याच्या हातात दिली. जलालनं हातानं अंदाज घेत ती एका विटेवर मांडली, तिचा दोरा नीट बाजूला केला. मग मागे सरकला आणि फोन वर धरला. वीट खाली राहिली. समोर हिरवी भिंत होती, आणि भिंतीत तो खिळा.

"काढू?"

"थांबा, काका."

वर्षानं विटेवरची शिट्टी उचलली. टाचा उंच करून तिचा दोरा खिळ्याला अडकवला. मग जलालचा मोकळा हात धरून भिंतीपर्यंत नेला, आणि त्याची बोटं त्या खिळ्यावर ठेवली.

"इथी लटकवत जा," ती म्हणाली. "इथी लय चांगली दिसते."

आणि फोटोतून बाजूला झाली.