भिंतीवरचं दोडक्याचं बी

बचत गटाच्या बाया दर वर्षी मला विचारतात, काय कधी लावायचं. मी सांगते. मृगात दोडका, कारलं, गवार, भेंडी. झेंडूही याच दिवसांत टाकावा, म्हणजे दसऱ्याला घरची फुलं होतात. मेथीची घाई करू नये, पावसाच्या माराने ती कुजते. थंडीत चांगली येते. धने टाकायचे तर आधी हलकेच रगडून दोन फाका कराव्यात. हे सगळं मला पाठ आहे. आणि तरी या वर्षी दोडक्याचं बी माझ्याच हाताने मेलं.

ते बी माझ्या आईचं. लग्न होऊन मी घनसावंगीकडच्या या गावात आले, तेव्हा तिने पदराच्या गाठीत बांधून दिलं होतं. आखूड दोडका, शिरा मऊ, सालीचीही चटणी होते. वेलावर दोडका वाळून खुळखुळ वाजायला लागला की मी बी काढायची, राखेत घोळायची, ओल्या शेणात घालून त्याच्या थापट्या मातीच्या भिंतीला मारायची. मृगापर्यंत बी जसंच्या तसं. पन्नास वर्षं असंच केलं.

गेल्या दिवाळीला आमचं घरकुल झालं. सिमेंटच्या भिंती, त्यांना पिस्ता रंग. माझा मुलगा मिथुन म्हणाला, "आई, आता भिंतीला शेण लावू नको बरं का." मी नाही लावलं. प्लॅस्टिकची बरणी घेतली. चोपन्नाव्या वर्षी मी विहारातल्या वर्गात अक्षरं शिकले, तेव्हापासून डब्याडब्यावर चिठ्ठ्या लावायची मला हौस. बी काढून दोनच दिवस झाले होते, अजून आठ दिवस सावलीत वाळायला हवं होतं. पण चिठ्ठी लिहून तयार होती. "दोडका, आईचा." बी भरलं, झाकण घट्ट लावलं, चिठ्ठी डकवली.

मृगात बरणी उघडली तर आंबूस वास आला. बियांवर पांढरी बुरशी. त्यातल्या त्यात बऱ्या अकरा बिया निवडल्या, ओल्या फडक्यात गुंडाळून चुलीजवळ ठेवल्या. बी जितं असेल तर पाच-सहा दिवसांत मोड येतो. आठव्या दिवशी फडकं सोडलं, बिया बोटाला चिकटल्या. चिठ्ठी मात्र बराबर होती.

सून ज्योत्स्ना म्हणाली, "आत्याबाई, जालन्याहून पाकीट मागवू का? वर चित्र बी असतंय."

"चित्राची भाजी करती का?" मी म्हणाले. पण बोलण्यात जोर नव्हता. गुडघे दुखत होते. दोन दिवस तशीच बसून राहिले. वाटलं, जाऊ दे, आळी खणायची नाहीत, पाणी ओढायचं नाही. आपलं वय झालं तसं बियाचंही झालं. पण संध्याकाळी हात रिकामे राहिले की आई आठवायची.

ते बी आता गावात एकाच घरी असणार होतं. तीन घरं सोडून नंदाबाई राहते, तिला ते मीच दिलं होतं. पण तिच्याशी माझं दोन वर्षं बोलणं नव्हतं. तिच्या कोंबड्यांनी माझी झेंडूची रोपं उकरली होती, आणि हापशावर सगळ्यांसमोर मी म्हणाले होते, "मालकीण तशा कोंबड्या. दुसऱ्याचंच उकरायचं."

तिसऱ्या दिवशी गेले. नंदाबाई दारात पाय लांब करून बसली होती. तिच्या मागे मातीची भिंत, भिंतीवर थापट्या. मला आधी त्याच दिसल्या.

"काय गं सत्यशिले, वाट चुकली?"

"न्हाई. तुझ्याकडंच आल्ते."

"कोंबड्या न्हाईत आता. मुंगसानं खाल्ल्या. मोज पाहिजे तर."

"कोंबड्यांसाठी न्हाई आले. दोडक्याचं बी पाहिजे."

"तुझ्याकडं न्हाई? तू तर बायांना शिकवून राह्यली."

"बरणीत घातलं, वर चिठ्ठी लावून. कुजलं."

"बरणीत!" ती इतकी हसली की तिला ठसका लागला. मी आत जाऊन तांब्या आणून दिला. पाणी पिऊन ती म्हणाली, "वर्ग करून आली अन् बरणीत घातलं. माझ्या कोंबड्या हुशार म्हणायच्या."

"हुशारच होत्या," मी म्हणाले.

ती उठली नाही. बोटाने भिंत दाखवली. "काढ. दोनच उरल्यात. मृग लागून पंधरा दिवस झाले, तरी तशाच आहेत. मला खाली वाकता येत न्हाई गं. एक तू ने, एक माझ्या परसात लाव. मांडव बी तुलाच घालावा लागंल."

"अन् पाणी?"

"ते बी तूच. मी इथून सांगत जाईन."

थापट्या फोडल्या. एकीत नऊ बिया निघाल्या, दुसरीत सात. काळ्या, कोरड्या. रात्रभर पाण्यात भिजवल्या. सकाळी आधी तिच्या परसात आळी केली, हातभर अंतरावर, प्रत्येकात दोन बिया, अंगठ्याच्या पेराएवढ्या खोल. मग घरी येऊन माझी केली. उठताना गुडघा धरून उभी राहिले.

सहाव्या दिवशी तिच्याकडे चार कोंब वर आले, माझ्याकडे तीन. ती दारातून ओरडली, "माझे जास्ती!"

आता सकाळी दोन्ही परसांत पाणी घालते. तिच्याकडे चार हंडे, माझ्याकडे तीन. मधे तिच्या ओट्यावर बसावंच लागतं. येत्या दिवाळीला बी धरलं की थापट्या तिच्याच भिंतीला मारायच्या आहेत. तिला तसं सांगितलं तर म्हणाली, "मार. पण चिठ्ठी लावू नको."