नव्या सुनेनं घासलेला तवा

इकडं बघा, गॅसवर! पंचफुलाबाईंचा बिडाचा तवा मी. जन्म कामठीचा, नांदतोय नागपुरात. पंचफुलाच्या सासूनं मला आणलं. तेल खाऊन खाऊन मी असा काळाकुळकुळीत झालो होतो, की अंडं टाकलं तर आपणहून सरकायचं.

वर्षभर पोळ्या, भाकरी. पण माझा खरा सण एकच, राखेच्या बुधवारच्या आदल्या दिवशीचा मंगळवार. बुधवारी चर्चमध्ये कपाळाला राख लागते, मग ईस्टरपर्यंत चाळीस दिवस उपवास. म्हणून घरातली अंडी, दूध, तूप, साखर मैद्यात कालवून मंगळवारी पॅनकेक करायचे. शेजारणी त्याला गोड धिरडंच म्हणतात. म्हणोत बापड्या!

सासूनं एक रीत घालून दिलेली. पहिला पॅनकेक हटकून फाटतो, तो टाकायचा नाही. ज्याच्याशी अबोला धरला असेल, त्याला आपल्या हातानं भरवायचा. राख लागायच्या आत रुसवा मिटला पाहिजे.

यंदा अबोला घरातच होता. पंचफुलाच्या मुलाची, रोहितची बायको मेघा, लग्नाला जेमतेम चार महिने. सासूला खूश करायला पोरीनं मला साबण आणि तारेच्या घासणीनं लख्ख घासलं. चाळीस वर्षांचं तेल मोरीतून वाहून गेलं. मला तर उघडं पडल्यासारखं झालं हो.

"काहून घासला वं? माह्या सासूचा हात होता त्याच्यात!" पंचफुला कडाडली. त्यानंतर पंधरा दिवस दोघींत शब्द नाही.

मंगळवारी संध्याकाळी पंचफुलानं पहिला पॅनकेक घातला. चिकटला, फाटला. दुसरा फाटला, तिसराही. मी जीव तोडून प्रयत्न केला, देवाशप्पथ! पण अंगात तेलच नाही, तर सोडू कसा?

तेवढ्यात दारात मेघा, हातात पिशवी. डोळे सुजलेले.

"आई, माह्यामुळंच झालं हे. मी कामठीले जातो, माहेरी."

मला तोंड असतं तर ओरडलो असतो, अगं पंचफुला, आठव की! तिनं फाटक्या तुकड्यांची ताटली उचलली आणि पाट ओढून बसली.

"थांब वं पोरी. मीबी नवी होती तव्हा याले राखेनं घासलं होतं. चांदीवानी चमकवलं! सासू आठ दिवस बोलली नाही. मंग मंगळवारी फाटका पॅनकेक घेऊन आली अन् मले भरवला. ही रीत तव्हापासूनची हाय. माह्यामुळंच सुरू झाली, अन् मीच इसरली." तिनं एक तुकडा उचलला. "आ कर."

मेघानं पिशवी खाली ठेवली आणि रडत रडत तोंड उघडलं.

आता रोज सकाळी मेघाच मला कांद्याच्या फोडीनं तेल लावते. अजून मी ठिकठिकाणी करडा आहे, अंडं चिकटतं. होईन काळा, घाई नाही. तुमच्या घरीही माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याला साबण लावू नका. पण एखाद्या नवख्या सुनेच्या हातून लागलाच, तर पुढच्या मंगळवारची वाट बघू नका. त्याच संध्याकाळी तिला जेवायला हाक मारा.