दिघे गेले

वेदिका नावाची पुण्याची मुलगी बंगळुरातल्या कोरमंगल्याहून रिक्षाने बनशंकरीला हेमलताबाईंच्या घरी आली आणि बाईंनी कान टवकारले. मुलगी बाईंच्या यजमानांच्या जुन्या प्रयोगशाळेच्या सुवर्णमहोत्सवी दालनासाठी माहिती गोळा करत होती. तिचा प्रश्न एकच होता: 'कारखानीस कसोटी'च्या पहिल्या लेखावर उपेंद्र कारखानिसांच्या जोडीला ज्यांचं नाव आहे, ते सी. दिघे कोण?

विमानाच्या इंजिनातल्या पात्याला टिचकी मारायची आणि आवाजावरून आतली भेग ओळखायची, अशी ही कसोटी. बायका माठ घेताना करतात तेच. उपेंद्ररावांनी जन्मात कधी माठ घेतला नव्हता, पण हे त्यांना कुणी विचारलं नाही.

सी. दिघे म्हणजे चंपा दिघे. आणि चंपा दिघे म्हणजे या क्षणी फिल्टर कॉफीचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या हेमलताबाई. लग्नात उपेंद्ररावांनी ताटातल्या तांदळावर अंगठीने 'हेमलता' लिहिलं आणि चंपा संपली. पुढचा लेख महिन्याभरात निघाला, एकट्या उपेंद्ररावांच्या नावाने. "कुठलं नाव घालू तुझं? उगाच गोंधळ होईल," ते म्हणाले होते. नवरा-बायको एका विभागात चालत नाहीत, हा नियमही त्यांनीच घरी येऊन सांगितला. बाईंनी राजीनामा दिला, पण तो नियम स्वतःच्या डोळ्यांनी कधी पाहिला नाही. त्यात धाकट्या दिरांनी बायकोचं नाव बदललंच नाही! मग आपलंच का बदललं? आवडलं नाही म्हणून, की लेखावर नडत होतं म्हणून? हा संशय इतकी वर्षं मनात घर करून होता. विचारलं आणि उत्तर वाईट निघालं तर त्याच माणसाबरोबर संसार कसा करायचा, या भीतीने त्यांनी तो गिळला. आज प्रश्न दुसऱ्याच कुणीतरी विचारला होता. कॉफी ठेवून त्या तिथेच बसल्या.

"दिघे वॉज व्हेरी ब्राइट," उपेंद्रराव म्हणाले. "बट देन दिघे लेफ्ट."

बाई चमकल्या. घरात आलेल्या मराठी माणसाशी इंग्रजी झाडायची या गृहस्थांना कधी सवय नव्हती. इंग्रजीत 'लेफ्ट' म्हटलं की भागतं, बाई की बुवा ते सांगावं लागत नाही. मराठीत क्रियापद चुगली करतं.

"पण सर, मूळ आयडिया दिघेंची वाटते," वेदिका म्हणाली. "आणि नेक्स्ट पेपरमधून ते एकदम गायब. मला जरा डाउट येतोय. त्यांच्यावर अन्याय तर नाही ना झाला?"

"पीपल मूव्ह ऑन."

"अहो," हेमलताबाई म्हणाल्या, "मराठीत सांगा की. पोरगी पुण्याची आहे."

उपेंद्ररावांनी बायकोकडे पाहिलं, मग कपात पाहिलं. "हेमा, साखर स्वल्प कमी पडलीय," असंही म्हणून झालं. कुणी उठेना.

"दिघे ना? ते... ते काम सोडून गेले."

गेली नाही, गेल्या नाहीत. गेले! बाईंनी तो आवाज नीट ऐकला, बाजारात माठाचा ऐकत तसाच. भेग होती. इतक्या वर्षांचा संशय फिटला, पण जिवाला हलकं काही वाटेना. उलट रडू फुटायला आलं, ते त्यांनी आवरलं.

"ओके. मिस्टर दिघे गेले," म्हणत वेदिका लॅपटॉपवर टाइप करू लागली.

"गेले नाहीत गं," बाई म्हणाल्या. "बसलीय. तुझ्यासमोर."

वेदिकाची बोटं थांबली. "काकू, तुम्ही? पण सर तर तुम्हाला हेमा म्हणतात..."

"ते यांनी ठेवलेलं नाव. तू चंपा लिही. चंपा दिघे. आणि ते मिस्टर खोड आधी."

उपेंद्ररावांनी घसा खाकरला. "अगं हेमा, तेव्हा गोंधळ झाला असता, म्हणून मी..."

"कॉफी घ्या," चंपाबाई म्हणाल्या. "निवतेय."